वखार, किल्ला, पंपघर: काठावरच्या जुन्या वास्तूंची निसर्गशाळा व्हावी का?

वेंगुर्ल्यात डचांची एक जुनी वखार आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये इथे बस्तान बसवले. त्यामागे व्यापार होता आणि गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवण्याची सोयही होती. आज तिथे जाड भिंती आणि मोकळ्या कमानी तेवढ्या उरल्या आहेत. छप्पर गेले, भिंतींत झाडांनी मुळे रोवली. त्याच वेंगुर्ल्यात, मांडवीच्या खाडीत, ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना आणि मुलांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. वल्ही त्यांच्याच हातात असतात. तिवर कुठला, कांदळ कुठला, चिखलातून वर आलेली ती खुंटासारखी मुळे श्वास कशी घेतात, हे त्या सांगतात. जन्मभर खाडीत वावरलेल्या माणसाला ते सांगायला पुस्तक लागत नाही.

एकीकडे माणसांवाचून पडलेली वास्तू आणि दुसरीकडे छपराविना चाललेली शाळा. या दोघींची गाठ घालून द्यावी, हे कुणाच्याही मनात येईल. जगात अनेक ठिकाणी ते करूनही पाहिले गेले आहे. पाण्याकाठच्या ऐतिहासिक इमारतींची डागडुजी करून तिथे पर्यावरण शिक्षणाची केंद्रे उघडली गेली. काही उत्तम चालली, काही नुसती दिवाणखान्यासारखी सजून राहिली आणि काही ठिकाणी इमारत वाचवावी की नाही हाच वाद झाला. या साऱ्या चर्चेत आपण आज कुठे उभे आहोत, ते पाहायचे आहे.

प्रश्न उभा कसा राहिला

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरची जुनी बंदरे रिकामी होऊ लागली. माल कंटेनरमधून येऊ लागला, मोठ्या जहाजांना खोल पाणी हवे झाले आणि शहरांच्या पोटातले धक्के ओस पडले. गोदामे, जकातघरे, पंपघरे, दीपगृहे, किनाऱ्यावरच्या छावण्या अशा इमारती मालकाविना राहिल्या. पहिल्या लाटेत त्यांची दुकाने, हॉटेले आणि कलादालने झाली. पाण्याचे दृश्य विकले जात होते, पण पाण्याविषयी बोलायला तिथे कुणी नव्हते.

त्याच सुमारास पर्यावरण शिक्षणाची चळवळ आकार घेत होती. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने त्याला जागतिक चौकट दिली. भारतात एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय शिक्षणात आणण्याचे आदेश दिले. विषय वर्गात आला, पण वर्गातल्या फळ्यावर ओहोटी दाखवता येत नाही. शिकवायला जागा हवी, ती पाण्याजवळ हवी, आणि किनाऱ्यावर नवे बांधकाम करायचे तर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आडवी येते (२०११ आणि २०१९ मध्ये तिची नवी रूपे आली). मग आधीच उभ्या असलेल्या इमारतीकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

वास्तुसंवर्धनाच्या बाजूनेही दार उघडेच होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हटले होते की, स्मारकाला समाजोपयोगी वापर मिळाला तर ते टिकायला मदतच होते, मात्र त्या वापरासाठी त्याची रचना बदलू नये. चर्चा पुढे जिथे जिथे अडली, तिथे याच वाक्याच्या दोन अर्ध्यांमध्ये अडली.

फिलाडेल्फियाचे पंपघर

या विषयात सर्वांत जास्त शिकवणारे उदाहरण फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट जलकेंद्राचे आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो.

१७९३ मध्ये फिलाडेल्फिया अमेरिकेची राजधानी होती. त्या वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत शहरातली सुमारे पाच हजार माणसे गेली. दोष घाणेरड्या पाण्याला दिला गेला आणि शहराने स्वच्छ पाण्याची सार्वजनिक योजना उभारायचे ठरवले. हा ताप डासांमुळे पसरतो, हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावे लागले. निदान चुकले होते, पण त्यातून मिळालेले पाणी खरे होते. १८०१ ची पहिली योजना तोकडी पडली. मग फ्रेडरिक ग्राफ या अभियंत्याने स्कूलकिल नदीकाठी, फेअरमाउंट टेकडीच्या पायथ्याशी नवे केंद्र बांधले. १८१५ मध्ये ते सुरू झाले तेव्हा वाफेच्या इंजिनांवर चालत होते. इंजिने ढिगाने लाकूड खात. १८२२ पर्यंत नदीवर धरण झाले आणि पाण्याची चाके फिरू लागली. आता नदीचेच बळ नदीचे पाणी टेकडीवरच्या हौदात चढवी आणि तिथून ते उताराने शहरभर जाई. बाहेरून इमारत ग्रीक देवळासारखी दिसे, आत मात्र चाकांचा घरघराट चाले. लोक ते पाहायला लांबून येत. १८४२ मध्ये आलेल्या चार्ल्स डिकन्सनेही त्याची वाखाणणी केली.

पाणी शुद्ध राहावे म्हणून शहराने नदीकाठची जमीन घेऊन १८५५ मध्ये तिची सार्वजनिक बाग केली. आजच्या फेअरमाउंट पार्कचे ते मूळ. पण नदी बागेच्या वरूनही येत होती. वरच्या अंगाला गिरण्या, खाटिकखाने, कोळशाच्या खाणी आणि गावांची गटारे होती. त्यांच्यावर शहराचा इलाज चालेना. विषमज्वराच्या साथी येत राहिल्या. शहराने वाळूचे गाळणी हौद दुसरीकडे बांधले आणि १९०९ मध्ये हे केंद्र बंद केले. नदी घाण झाल्याने नदीवर उभारलेले घर निकामी झाले.

पुढची कहाणी कुठल्याही वापराविना पडलेल्या चांगल्या इमारतीची असते तशीच आहे. १९११ पासून १९६२ पर्यंत तिथे मत्स्यालय होते, नंतर १९७३ पर्यंत पोहण्याचा तलाव. मग कुलूप. टेकडीवरच्या हौदाच्या जागी कधीच शहराचे कलासंग्रहालय उभे राहिले होते. १९७६ मध्ये जलकेंद्राला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, डागडुजी मात्र टप्प्याटप्प्याने, दशकांच्या गतीने झाली. २००३ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा विभागाने तिथे नदीविषयीचे शिक्षण केंद्र उघडले.

केंद्र कुणी उघडले, ते महत्त्वाचे आहे. पुरातत्त्व खात्याने किंवा एखाद्या देणगीदाराने ते चालवले असते तर ते वेगळे झाले असते. इथे नळाला पाणी देणारे आणि गटाराचे पाणी नदीत सोडणारे खातेच मुलांपुढे उभे राहते. पावसात गटारे तुंबून मैला नदीत जातो, हे त्याला सांगावे लागते. ते का होते आणि त्यावर काय चालू आहे, हेही सांगावे लागते. २०१७ पासून केंद्रात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची छोटी पैदासशाळा आहे. हे शिंपले पाणी गाळून जगतात, प्रत्येक शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर गाळतो. काचेपलीकडे रेतीत रुतलेल्या, नखाएवढ्या पिल्लांकडे पाहून मुलाला नदीची सफाई म्हणजे काय ते कळते. समोरच्या धरणाला मासे वर चढावेत म्हणून शिडी बसवली आहे, म्हणजे ज्या धरणाने माशांची वाट अडवली, तेही धड्याचाच भाग झाले.

माझ्या मते या उदाहरणाचे बळ एका गोष्टीत आहे. इमारत इथे धड्याचे आवरण नाही, ती स्वतःच धडा आहे. ती का बांधली, कशी चालली, का बंद पडली, या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की नदीचे पर्यावरण शिकवून झाले. वेगळे फलक लावावे लागत नाहीत.

पूर्वेकडच्या तीन वाटा

सिंगापूरच्या पुलाउ उबिन बेटावर चेक जावा नावाचा किनारा आहे. तिथे समुद्रगवत, प्रवाळाचा ढिगारा, खारफुटी असे अनेक अधिवास शेजारी शेजारी नांदतात. भराव घालून हा किनारा बुजवायचे ठरले होते. निसर्गप्रेमींनी आणि अभ्यासकांनी तिथली जीवसृष्टी नोंदवून लोकांपुढे ठेवली आणि २००१ च्या अखेरीस सरकारने भराव लांबणीवर टाकला. तिथेच १९३० च्या दशकातला एक इंग्रजी धाटणीचा बंगला होता, विषुववृत्ताजवळ असूनही शेकोटीसह. तो नीट करून २००७ मध्ये तिथे अभ्यागत केंद्र उघडले. इथे इमारतीचा आणि किनाऱ्याचा इतिहास एक नाही. बंगला तसा परकाच. पण आधी किनारा वाचला आणि मग घर वाचले, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हाँगकाँगमध्ये ताइ पो इथले जुने पोलीस ठाणे १८९९ चे. इंग्रजांनी न्यू टेरिटरीज ताब्यात घेतल्यावर बांधलेल्या पहिल्या इमारतींपैकी ते एक. तेव्हा ते खाडीवर नजर ठेवून होते, आता भरावामुळे पाणी लांब गेले आहे. सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या भागीदारी योजनेतून कडूरी फार्म या संस्थेने ते २०१५ मध्ये शाश्वत राहणीचे केंद्र म्हणून उघडले. शेजारच्या झाडांवर बगळ्यांची मोठी वसाहत आहे. किनारा सरकला तरी बगळे राहिले, आणि इमारतीत काय करायचे ते बगळ्यांच्या विणीच्या हंगामाकडे पाहून ठरवावे लागते.

सिडनीच्या चाउडर बे इथली वाट तिसरी. १८९० च्या दशकात लष्कराने बंदराच्या संरक्षणासाठी पाणसुरुंगांचा तळ तिथे बांधला. छावणी उठल्यावर त्या इमारती सिडनी हार्बर फेडरेशन ट्रस्टकडे आल्या आणि आता तिथे सागरविज्ञान संस्था चालते. सिडनीच्या किनाऱ्यावरून नाहीसे झालेले एक समुद्रशैवाल पुन्हा रुजवण्याचे आणि धक्क्यांच्या सपाट भिंतींवर जीवांना आसरा देणाऱ्या खडबडीत फरशा बसवण्याचे काम तिथून होते. शाळकरी मुले त्याच आवारात येतात. शिकवण्याजोगे काही घडत असलेल्या ठिकाणी मुलांना आणले की प्रदर्शन जुने होण्याची भीती उरत नाही.

वास्तू जपणाऱ्यांची बाजू

संवर्धन करणाऱ्यांची पहिली शंका रचनेविषयीची असते. शाळेच्या सहली आणायच्या म्हणजे स्वच्छतागृहे हवीत, चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट हवी, वीज हवी, काचेच्या टाक्या हव्यात. यातली प्रत्येक गोष्ट रास्त आहे आणि प्रत्येकीसाठी जुन्या भिंतीला भोक पाडावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या बुरा सनदेने १९७९ पासून ‘सुसंगत वापर’ हा शब्द रुळवला, म्हणजे वास्तूचे महत्त्व ज्याने कमी होत नाही असा वापर. पण सुसंगत कशाला म्हणायचे, हे प्रत्येक इमारतीपुढे नव्याने ठरवावे लागते. भारतात वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेने २००४ च्या सनदेत आणखी एक मुद्दा घातला: कायद्याने संरक्षित नसलेल्या असंख्य वास्तूही वारसा आहेत आणि त्या सांभाळायच्या तर परंपरेने काम करणारे कारागीरही सांभाळायला हवेत.

हा कारागिरांचा मुद्दा किनाऱ्यावर फार मोलाचा ठरतो. समुद्राजवळच्या जुन्या भिंतीवर हात फिरवा, तळव्याला पांढरी भुकटी लागते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. जमिनीतून आणि हवेतून आलेले खारे पाणी दगडात शिरते, वाळताना मिठाचे स्फटिक होतात, फुगतात आणि दगडाची पापुद्र्यापापुद्र्याने साल काढतात. चुन्याच्या दरजा असतील तर ओल त्यांतून बाहेर पडते आणि झीज चुन्याची होते. चुना पुन्हा भरता येतो. पण हल्ली घाईने सिमेंटचा गिलावा चढवतात. सिमेंट ओलीला वाट देत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच पिठासारखा होऊन गळतो. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाचे तर हमखास असे होते. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून पोखरलेली असते.

चुन्याचे काम हे सावकाशीचे काम. चुनकळी पाण्यात विरवायची, मुरू द्यायची, वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत मळायची. जुन्या किल्ल्यांवर दगडी चाकाच्या, बैलांनी फिरवायच्या या चुन्याच्या घाण्या अजून पाहायला मिळतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. मला नेहमी वाटते की, अशा केंद्रात मुलांना दाखवण्याची पहिली गोष्ट हीच असावी: भिंत श्वास कशी घेते. सिमेंटच्या उत्पादनातून जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचे सात-आठ टक्के बाहेर पडतात. हे सांगायला मग वेगळा तास लागत नाही.

निसर्ग जपणाऱ्यांची बाजू

पर्यावरणवाद्यांमध्ये या प्रश्नावर एकमत नाही, आणि ते नसणे समजण्यासारखे आहे.

एक गट म्हणतो, उभी इमारत पाडून नवी ‘हरित’ इमारत बांधणे हा उलटा व्यवहार आहे. जुन्या विटा, दगड, सागवान यांत घातलेली ऊर्जा आधीच खर्च झाली आहे, ती वाया का घालवायची? त्यात जुन्या इमारती वारा आणि सावली ओळखून बांधलेल्या असतात. त्यांच्या जाड भिंती, उंच छत आणि ओसऱ्या म्हणजे विजेशिवाय गारवा मिळवण्याचे धडेच.

दुसरा गट विचारतो, केंद्र उघडल्यावर तिथे येणार कोण आणि कशाने? बसगाड्या येतील, वाहनतळ लागेल, संध्याकाळचे दिवे लागतील, खाण्याच्या टपऱ्या येतील. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना माणसांची वर्दळ सोसत नाही. ओसाड पडलेल्या इमारतीत वटवाघळे आणि घुबडे राहत असतात, त्यांना आपण ‘पुनरुज्जीवन’ करताना बेघर करतो. ज्याविषयी शिकवायचे तेच शिकवण्याच्या गर्दीने निघून जावे, अशी वेळ येऊ शकते. यावर उपाय आहेत. एका वेळी येणाऱ्यांची संख्या बांधणे, विणीच्या हंगामात दार लावणे, वाहने लांब ठेवणे. मात्र हे उपाय उत्पन्न कमी करतात.

आणि उत्पन्नाचा प्रश्न सगळीकडे आहे. डागडुजीला एकदा पैसा मिळतो, कारण उद्घाटन होते आणि फलक लागतो. तिसऱ्या पावसाळ्यात कौले बदलायला, मार्गदर्शकाचा पगार द्यायला पैसा मिळत नाही. मग एक दालन लग्नसमारंभाला, एक उपाहारगृहाला जाते. फिलाडेल्फियातही जुन्या इंजिनघरात काही वर्षे उपाहारगृह चालले. त्यात मुळात वाईट काही नाही, पण हळूहळू शाळा एका कोपऱ्यात आणि मेजवानी मधोमध, असे होऊ नये ही चिंता खरी आहे.

काठावर आधीपासून असलेली माणसे

तिसरी बाजू चर्चेत उशिरा आली. ज्याला आपण ओसाड किनारा म्हणतो तिथे कुणी जाळी वाळवत असतो, कुणी होडीला डांबर लावत असतो, कुणी ओहोटीला कालवे फोडत असते. केंद्र झाले की कुंपण येते, पहारेकरी येतो, तिकीट येते. कोळ्यांना आपल्याच धक्क्यावर परवानगी मागावी लागली, तर त्या केंद्रात शिकवलेल्या निसर्गप्रेमाला काय अर्थ? दुसरीकडे, व्यवस्थापन करणारे म्हणतात की, कुंपण नसेल तर वास्तूत दारूच्या बाटल्या आणि भिंतींवर नावे कोरलेली सापडतात. दोन्ही खरे आहे. जिथे स्थानिकांनाच मार्गदर्शक, नावाडी, गवंडी म्हणून कामाला घेतले तिथे हा ताण सैल होतो, असे वेंगुर्ल्यासारख्या प्रयोगांवरून दिसते. पण तिथेही बायकांनी स्वतः चालवलेला धंदा आणि संस्थेने त्यांना दिलेली नोकरी यांत फरक राहतोच.

पाणी वर येत असताना

गेल्या वीसेक वर्षांत या चर्चेत शिरलेला सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, पूर मोठे होत आहेत. मग अगदी काठावरच्या इमारतीत पैसा घालावा का?

फिलाडेल्फियाच्या केंद्रालाही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाच्या पुराने गाठले. स्कूलकिल फुगली आणि पाणी आत शिरले. एका अर्थी नदीने स्वतःच तास घेतला, पण प्रदर्शनाचे आणि यंत्रणांचे नुकसान ज्यांना भरून काढायचे होते त्यांना ही उपमा सुखावणारी नव्हती.

उत्तरे तीन प्रकारची दिली जातात. पहिले, इमारत हलवा. अमेरिकेत केप हॅटरासचे १८७० चे दीपगृह १९९९ मध्ये रुळांवरून जवळजवळ ९०० मीटर आत सरकवले गेले. दुसरे, पाण्याला आत येऊ द्या. विजेची बटणे छातीच्या वर, सामान उचलता येईल असे, फरशी धुता येईल अशी. तिसरे उत्तर ऐकायला कठोर वाटते: काही वास्तू जाऊ द्या आणि त्यांचे जाणे नीट पाहा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्फर्ड नेस ही वाळूगोट्यांची जीभ आहे. तिथल्या लष्करी प्रयोगांच्या इमारती नॅशनल ट्रस्टने १९९३ मध्ये घेतल्या आणि त्यांतल्या अनेक मुद्दाम झिजू दिल्या. गवत, पक्षी, वारा त्यांत शिरले. तिथलेच १७९२ चे दीपगृह समुद्र पायाशी आल्यावर २०२० मध्ये उतरवावे लागले. भूगोलाच्या अभ्यासक केटलिन डिसिल्वी यांनी २०१७ च्या पुस्तकात हा विचार मांडला आहे की, ऱ्हास हाही वारसा समजून घेण्याचा एक मार्ग असू शकतो. संवर्धनाच्या वर्तुळात यावर अजून वाद आहे. ज्या देशांत दुर्लक्षानेच वास्तू पडतात, तिथे ‘पडू देणे’ हे धोरण म्हणून सांगणे धोक्याचे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो आक्षेप वजनदार वाटतो. पडू देण्याचा निर्णय घ्यायलाही नोंद, मोजमाप आणि रोजची देखरेख लागते. आपल्याकडे ती नसते, म्हणून तर वास्तू पडते.

शिवडी, रेईश मागूश, आग्वाद

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत ठसठशीत दिसतो तो शिवडीला. इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेला किल्ला टेकाडावर आहे. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चढाई केली तेव्हा पहिला घाव इथेच पडला. पुढे इथे कैदी ठेवले गेले, नंतर बंदराचे गोदाम झाले. ओहोटीच्या वेळी किल्ल्यावरून खाली पाहिले की, पाणी मागे सरते आणि राखाडी चिखल उघडा पडतो. त्यावर हिवाळ्यापासून रोहित पक्ष्यांचे गुलाबी पट्टे दिसतात, माना खाली घालून, चोच उलटी करून गाळ गाळताना. मागे तेलाच्या टाक्या आणि बंदराच्या क्रेन, आणि जानेवारी २०२४ पासून वाहता झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. किल्ला, पक्षी, बंदर, पूल हे सारे एका नजरेत येणारी दुसरी जागा मुंबईत मला ठाऊक नाही.

ठाणे खाडीच्या वरच्या भागाला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडीचा चिखलपट्टा त्या अभयारण्याच्या बाहेर राहिला. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र उभारले ते ऐरोलीला, २०१७ मध्ये, नव्या इमारतीत. तिथून होडीने खाडीत जाता येते. व्यवहाराच्या दृष्टीने ते समजते. नव्या इमारतीला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागत नाही आणि शौचालय कुठे काढायचे यावर बैठका होत नाहीत. शिवडीचे स्मारक एका खात्याचे, पायथ्याची जमीन बंदराची, चिखल आणि खारफुटी आणखी कुणाच्या अखत्यारीत. त्यांना एका मेजाशी बसवणे हेच खरे जीर्णोद्धाराचे काम आहे आणि ते चुन्याच्या कामाहूनही सावकाश चालते.

गोव्यात मांडवीच्या मुखावर रेईश मागूशचा १५५१ चा किल्ला अनेक वर्षे तुरुंग होता. इन्टॅक आणि हेलन हॅमलिन ट्रस्ट यांच्या सहकार्याने, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखाली तो नीट झाला आणि २०१२ मध्ये सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडला. तिथे मारियो मिरांडांची रेखाचित्रे आहेत. काम देखणे झाले आहे. तटावर उभे राहिले की खाली मांडवी आणि पलीकडे पणजी दिसते. खाजणांचे बंधारे आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे), नदीतून गेलेले खनिजाचे बार्ज, वाळूचा उपसा, हे सगळे सांगायला याहून चांगली गच्ची कुठली?

पण जवळच्या आग्वादची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझे मत थबकते. आग्वादच्या तुरुंगात गोवामुक्तीचे सत्याग्रही कोंडले गेले. १९५५ च्या सत्याग्रहात पकडलेले नानासाहेब गोरे आणि मधू लिमये त्यांत होते. तो तुरुंग नीट करून २०२१ मध्ये स्वातंत्र्यसंग्रामाचे संग्रहालय म्हणून उघडला गेला. त्या कोठड्यांवर पहिला हक्क त्या आठवणीचा आहे. पाण्याकाठी आहे म्हणून प्रत्येक वास्तू पाण्याविषयीच बोलेल, असे नाही.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. अशा केंद्रात आलेल्या मुलाला खाडीविषयी माहिती मिळते, हे मोजता येते. पण दहा वर्षांनी तेच मूल खाडीत राडारोडा टाकणाऱ्याला अडवते का, हे मोजणे कठीण आहे. एका सहलीचा परिणाम लवकर ओसरतो, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुलांवर तो टिकतो, असे शिक्षणक्षेत्रात काम करणारे बहुतेक जण मानतात. तसे असेल तर केंद्राचे यश तिकीटविक्रीने मोजणे चुकीचे ठरते आणि शेजारच्या दोन-चार शाळांनाच वर्षभर बोलावणे जास्त शहाणपणाचे ठरते. मग पर्यटन खात्याचा पैसा कशाच्या आधारावर मागायचा?

दुसरा पेच मालकीचा. राज्य संरक्षित स्मारके खासगी संस्थांना सांभाळायला देण्याची योजना महाराष्ट्रात आहे, केंद्रानेही २०१७ मध्ये ‘अपनी धरोहर’ योजना आणली. देखरेख मिळते, हे खरे. पण पाणी बिघडवणाऱ्या उद्योगाच्याच पैशातून पाण्याचे केंद्र चालले तर ते त्या उद्योगाविषयी मुलांना काय सांगेल, याचे समाधानकारक उत्तर कुणाकडे नाही.

आणि वेंगुर्ल्याचा प्रश्न तसाच आहे. वखारीचे छप्पर घालायचे की भिंती आहेत तशा स्थिर करायच्या, यावर संवर्धकांत दोन मते होतील. पण ‘स्वामिनी’च्या बायकांना काय लागते, याची यादी फार लहान असेल, असे वाटते. पावसात मुलांना बसवायला कोरडी जागा, वल्ही आणि लाइफ जॅकेट ठेवायला कुलूप लागणारी खोली, बायकांसाठी एक नीट स्वच्छतागृह. वखार म्हणजे मुळात माल ठेवायचीच जागा होती.